ॲनोटेशन दिसत नाहीये? आधी फाइल बघ

हे बघ, जीनोम बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये डीएनएचा सिक्वेन्स उघडला आणि ॲनोटेशन, म्हणजे कुठला जीन कुठे आहे ते दाखवणारे बाण, दिसले नाहीत म्हणून लगेच सॉफ्टवेअर परत इन्स्टॉल करत बसू नकोस, आपल्या बडोद्यात लॅबमध्ये येणारी बरीच नवी मुलं तेच करतात. फास्टा फाइलमध्ये नुसती सिक्वेन्सची अक्षरं असतात, ॲनोटेशन जेनबँक फाइलमध्ये येतं, नाहीतर जीनच्या जागांची वेगळी जीएफएफ३ किंवा बेड (BED) फाइल लागते. ती लोड करूनही ट्रॅक (ॲनोटेशनची पट्टी) रिकामाच असेल तर तिचा पहिला कॉलम, म्हणजे क्रोमोसोमचं नाव, वाच; सिक्वेन्सच्या आणि ॲनोटेशनच्या फाइलपैकी एकीत ‘सीएचआर१’ आणि दुसरीत नुसतं ‘१’ असलं की बऱ्याच प्रोग्रामना ते वेगळे क्रोमोसोम वाटतात.

खरी काळजी आकड्यांची घे. जीएफएफ३ १ पासून मोजतं, बेड ० पासून, म्हणजे पहिले १० बेस (डीएनएची अक्षरं) एकात १ ते १० आणि दुसऱ्यात ० ते १०. एका फाइलमधले आकडे दुसरीत तसेच्या तसे उचललेस तर सुरुवात एका बेसने सरकते, चित्रात काही कळत नाही पण प्रोटीन काढायला गेलं की सगळी रीडिंग फ्रेम, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, बिघडते. म्हणून सीडीएसवर (जीनचा प्रोटीन बनवणारा भाग) पूर्ण झूम करून सुरुवातीला एटीजी, म्हणजे प्रोटीन सुरू करणारी तीन अक्षरं, येतंय का बघच, जीन रिव्हर्स स्ट्रँडवर, म्हणजे डीएनएच्या उलट्या धाग्यावर, असेल तर वरच्या ओळीत उजव्या टोकाला सीएटी दिसेल. बॅक्टेरियात कधी एटीजीऐवजी जीटीजीपण असतं, घाबरू नकोस. रंग-बिंग नंतर निवांत बदल.