आधी वॉर्डात चौकशी करा, मग मशीन उघडा

आयसीयूतल्या रुग्णांच्या प्लाझ्मात डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचं औषध मिलीला ५० पिकोग्रॅमपर्यंत मोजताय, काही नमुने अशक्य वाटावेत इतके जास्त येतात, औषध नसलेल्या कोऱ्या प्लाझ्मातही औषधाचा पीक (आलेखातला उंचवटा) दिसतो, तर एलसी-एमएस/एमएस (घटक वेगळे करून वस्तुमानावरून मोजणारं मशीन) कमी पडतंय का, असं तुम्ही विचारलंय. मला नाही तसं वाटत.

आधी जास्तीच्या आकड्यांचं बघू. पंपात साधारणपणे २०० मायक्रोग्रॅम औषध ५० मिलीत केलेलं असतं, म्हणजे मिलीला ४ मायक्रोग्रॅम. रक्तात आपण शोधतो मिलीला जेमतेम अर्धा-एक नॅनोग्रॅम (१ नॅनोग्रॅम म्हणजे १००० पिकोग्रॅम). आता पंपाच्या नळीतला फक्त एक मायक्रोलिटर, डोळ्यांना धड दिसणारही नाही एवढा, ४ मिली रक्तात उतरला तर मिलीला १ नॅनोग्रॅमची भर पडली. तिथेच आकडा दुप्पट-तिप्पट झाला!

माझ्याकडे एकदा सगळे नमुने एक नॅनोग्रॅमच्या आत आणि एकच नमुना ११ आला होता. दोन दिवस मशीनचा कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) धुतला, स्टँडर्ड (ठरावीक प्रमाणात औषध घातलेले तुलनेचे नमुने) नव्याने केले, आकडा हलेना. शेवटी वॉर्डात जाऊन सिस्टरना विचारलं. ज्या सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून) औषध चालू होतं, तिच्याच दुसऱ्या तोंडातून रक्त काढलं होतं. तेव्हापासून रक्त दुसऱ्या हातातून किंवा आर्टेरियल लाइनमधून (धमनीतल्या नळीतून), सुरुवातीचं टाकून देऊन, आणि फॉर्मवर काढण्याची जागा, वेळ व पंपाचा वेग लिहिल्याशिवाय मी नमुना घेत नाही. तुम्हीही घेऊ नका.

कोऱ्या प्लाझ्मातल्या पीकसाठी सर्वांत वरच्या स्टँडर्डनंतर लागोपाठ तीन ब्लँक (औषध नसलेले नमुने) चालवा. पीक उतरत गेला तर कॅरीओव्हर (आधीच्या नमुन्याचा मशीनमध्ये राहिलेला अंश) आहे, सुई आणि व्हॉल्व्हचं वॉश वाढवा. तेवढाच राहिला तर इंटर्नल स्टँडर्ड (मोजणी ताडायला प्रत्येक नमुन्यात घालतो ते ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, असलेलं तेच औषध) न घालता ब्लँक करा. पीक गेला तर त्या ड्युटेरियमवाल्या स्टँडर्डमध्येच साधं औषध मिसळलेलं आहे. आयसीएच एम१० या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेप्रमाणे हा पीक मोजणीच्या खालच्या मर्यादेच्या (तुमच्याकडे ५० पिकोग्रॅम) पीकच्या २० टक्क्यांवर जाता कामा नये.

प्लाझ्मातलं नुसतं प्रोटीन पाडून एवढ्या खाली जाऊ नका, मागे राहिलेले फॉस्फोलिपिड (चरबीसारखे पदार्थ) सिग्नल दाबतात. नमुना अल्कधर्मी करून औषध इथाइल ॲसिटेट या द्रावकाने काढा. आणि ५० पिकोग्रॅमच्या खाली आलेला नमुना शून्य म्हणून कधीही लिहू नका, "५० पेक्षा कमी" असंच लिहा.

तिन्ही ब्लँकचे क्रोमॅटोग्राम (मशीनचे पीकचे आलेख) आणि त्या जास्तीच्या नमुन्यांच्या रक्त काढण्याच्या जागा पाठवा.