छोट्या विमानतळांमधलं अंतर आणि लागणारा वेळ

नकाशावरचं अंतर भागिले विमानाचा वेग, एवढाच हिशेब करू नकोस. सुरुवातीला बहुतेक जण तिथेच चुकतात. समजा सरळ हवाई अंतर ३०० किमी आहे. छोट्या मार्गांवरचं एटीआर ७२ हे पंख्याचं विमान ताशी साधारण ५०० किमी वेगाने जातं, म्हणजे ३६ मिनिटं. पण वेळापत्रकात तासाभराच्या आसपास दिसेल, आणि ते बरोबरच असतं. ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची. छोट्या विमानतळावर बऱ्याचदा वेगळा टॅक्सीवे, म्हणजे धावपट्टीच्या टोकापर्यंत जायचा रस्ता, नसतो. विमान धावपट्टीवरूनच टोकापर्यंत सावकाश जातं, तिथे पूर्ण वळतं आणि मग धावतं. खिडकीतून नीट बघ, मिनिटं तिथे जातात. शिवाय चढताना-उतरताना पूर्ण वेग मिळत नाही. समोरून ताशी ५० किमीचा वारा असला तर ३६ ची ४० मिनिटं होतात.

अंतर सागरी मैलांत दिलं असेल तर १.८५२ ने गुण, मग किलोमीटर मिळतील. आणि मुळात थेट विमान आहे का, ते आधी बघ! नसेल तर मोठ्या विमानतळावरून वळसा पडतो. तेव्हा दोन्ही टप्पे आणि मधला थांबा धर, सरळ अंतराचा तिथे काही उपयोग नाही.