खेड्यातल्या मुलाला आंतरराष्ट्रीय रग्बीपटू होऊन पोट भरता येईल काय?

आपला मुलगा अकरावीत आहे, जिल्हा पातळीवर रग्बी खेळतो आणि त्याला भारताकडून खेळायचे आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून हे जमेल काय आणि त्यावर त्याचे पोट भरेल काय, असे आपण विचारले आहे. पोट भरणार नाही. पण हेच वाक्य आमच्या घरी गेली बारा वर्षे ज्या अर्थाने मला ऐकवले जाते, तो अर्थ मला मान्य नाही, म्हणून लिहितो आहे.

मी दारव्हा तालुक्यातला, मूळचा कबड्डीचा खेळाडू. बारावीत असताना आमच्या सरांनी सात जणांचा रग्बी संघ उभा केला. मैदान म्हणजे सोयाबीन निघालेले वावर, ज्यातली धसकटे बुटाच्या तळातूनही टोचत, आणि टॅकलच्या, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडण्याच्या, सरावाला कुटाराने ठासून भरलेली पोती. चेंडू एकच होता व त्यात रोज सकाळी पंपाने हवा भरावी लागे. विभागीय स्पर्धेत एक धिप्पाड मुलगा बाजूने निसटू लागला, तेव्हा मी कबड्डीत घोट्याला झेप घेतो तशी झेप घेतली. डोके त्याच्या मांड्यांच्या मागे राहायला हवे होते, ते पुढे गेले. तो माझ्या अंगावरून गेला आणि हासळीचे हाड मोडले. नेमकी वेचणी सुरू झालेली, मजूर मिळेनात, आणि मी गळ्यात झोळी अडकवून महिनाभर खाटेवर. दादा तेव्हा म्हणाला आणि आजही म्हणतो, “कबड्डीच खेयला असता, तं आज पोलिसात असता.” माझे हाड रग्बीने नव्हे, तर कबड्डीच्या सवयीने मोडले, हे त्याला अजून पटलेले नाही.

दादाचे दुसरे म्हणणे असे की, ज्या खेळात पैसा नाही तो शेतकऱ्याच्या पोराने खेळू नये. न्यूझीलंडचा रग्बीपटू कॉलिन मीड्स ‘ते कुइटी’ या गावाजवळ मेंढ्या राखणारा शेतकरीच होता. १९५७ ते १९७१ या काळात तो देशाकडून ५५ कसोटी सामने खेळला, आणि खेळण्याबद्दल मानधन घेण्याची तेव्हा मुभाच नव्हती. ती ऑगस्ट १९९५ मध्ये मिळाली. १९७० च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात एका सामन्यात त्याचा हात मोडला, तरी तो शेवटपर्यंत मैदानात राहिला आणि त्याच दौऱ्यात पुढे कसोटीही खेळला. दादाला हे सांगितले, तर तो म्हणाला की त्याच्याकडे मेंढ्या होत्या, आपल्याकडे बोंडअळी आहे. यावर मला उत्तर सुचले नाही, हे कबूल करतो.

आपल्या प्रश्नाकडे वळायचे तर, भारताचा पुरुष संघ पंधरा जणांच्या रग्बीच्या विश्वचषकात आजवर पोहोचलेला नाही. सात जणांचा प्रकार २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि २०२५ मध्ये मुंबईत सहा संघांची व्यावसायिक लीगही झाली, म्हणून मुलाने सातच्या खेळावर भर द्यावा; त्यात सात-सात मिनिटांचे दोन डाव असतात आणि वजनापेक्षा धाव कामाला येते. मुलगी असती, तर मी अधिक उत्साहाने लिहिले असते, कारण आपल्या मुलींनी २०१९ मध्ये मनिला येथे सिंगापूरला २१-१९ असे हरवून पंधरा जणींच्या प्रकारातला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. राज्याच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. मात्र जाहिरातीतल्या यादीत रग्बी आहे काय ते आधी पाहावे आणि प्रमाणपत्रांची पडताळणी वेळेत करून घ्यावी. एवढ्यापुरते, म्हणजे नोकरीपुरते, दादाचे बरोबर होते. मी पडताळणी केलीच नाही.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. हासळी जुळते, डोक्याचे तसे नसते. डोक्याला मार लागून मुलगा क्षणभर जरी गोंधळला, तरी त्याला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू देऊ नये, मग अंतिम सामना असो की निवड चाचणी. टॅकल शिकवणाऱ्यालाही पहिल्याच दिवशी विचारावे की डोके कोणत्या बाजूला ठेवायचे, आणि त्याला ते करून दाखवता आले नाही, तर मुलाला घरी घेऊन यावे.