घोडेपालकांचे प्रश्न: परदेशातून गोठवलेलं वीर्य मागवताना

प्रश्न: डॉक्टर, परदेशातल्या एका नावाजलेल्या शो-जंपिंग घोड्याचं गोठवलेलं वीर्य मला मिळतंय. घोडा काही वर्षांपूर्वी वारला, मालकांकडे दोनच मात्रा (मात्रा म्हणजे एका रेतनापुरतं वीर्य) शिल्लक आहेत. विक्रेता म्हणतो, आधी पैसे भरा, आरोग्याचे कागद मागाहून करून देतो. माझी घोडी 17 वर्षांची आहे, आजवर एकदाही व्यायलेली नाही. मागवू का?

उत्तर: इतक्यात पैसे पाठवू नका. तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींनी मला थांबवलं. आधी कागदांचं बोलते.

वीर्यासोबत जे आरोग्य प्रमाणपत्र यावं लागतं, त्यावर निर्यात करणाऱ्या देशाच्या सरकारी पशुवैद्याची सही असते आणि अटी मात्र तुमच्या देशाच्या असतात. घोडा कोणत्या केंद्रात ठेवला होता, त्या काळात त्याला नैसर्गिक भरणीला वापरलं का, कोणत्या रोगांसाठी आणि कोणत्या तारखांना तपासलं, हे सगळं त्यात येतं. या तारखा वीर्य गोठवल्याच्या तारखांशी जुळाव्या लागतात. घोडा हयात असेल तर पुन्हा रक्त तपासून, नवीन वीर्य गोठवून वाट काढता येते. वारलेल्या घोड्याचं रक्त कुठून आणणार? त्यामुळे ‘मागाहून करून देतो’ हे वाक्य मला अजिबात पटत नाही. त्या वेळी तपासण्या झाल्या असतील तर अहवाल आजही विक्रेत्याच्या फायलीत असायला हवेत. ते आज मागा. साठवलेल्या वीर्यातली एखादी कांडी (वीर्य भरून गोठवलेली बारीक नळी) तपासून चालेल का, हेही तुमच्या देशाच्या आयात विभागाला लेखी विचारा. तिथून होकार आला तरच पुढचं बोलणं.

या अटींना लोक सरकारी कटकट समजतात, म्हणून थोडं खोलात सांगते. इक्वाइन व्हायरल आर्टरायटिसचा विषाणू घोड्याच्या जननग्रंथींत वर्षानुवर्षं दडून राहतो. घोडा तब्येतीने ठणठणीत दिसतो, पण वीर्यातून विषाणू बाहेर पडतच असतो. गोठवल्याने तो मरत नाही, शुक्राणूंसारखाच द्रवरूप नायट्रोजनमध्ये सुखरूप राहतो. त्या वीर्याने भरलेल्या घोडीला ताप येतो, पाय सुजतात, आणि शेजारच्या गाभण घोड्या गाभडू शकतात. 2006 साली अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका फार्मवरून हा रोग इतर राज्यांत पसरला, त्यात बाहेर पाठवलेल्या वीर्याचाही हात होता. यात एक बारकावा आहे. लस टोचलेल्या घोड्याचं रक्तही तपासणीत पॉझिटिव्ह येतं, म्हणून लसीच्या आधीचा निगेटिव्ह अहवाल जपलेला असावा लागतो. तो नसेल तर चांगला घोडाही अडकतो.

दुसरा रोग म्हणजे सीईएम, गर्भाशयाचा संसर्गजन्य दाह. 1977 साली इंग्लंडमध्ये न्यूमार्केटला तो पहिल्यांदा ओळखला गेला. घोड्यात कसलंही लक्षण नसतं, जिवाणू लिंगाच्या घड्यांत बसून राहतो, म्हणून तिथले स्वॅब घेऊन कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून बघण्याची तपासणी, करावं लागतं. याशिवाय इन्फेक्शिअस ॲनिमिया या विषाणूच्या रोगासाठी कॉगिन्स ही रक्तचाचणी आहे, आणि ग्लँडर्स, डूरिन या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगांच्याही तपासण्या बऱ्याच देशांत मागतात. प्रत्येक देशाची यादी वेगळी, त्यामुळे मित्राने दुसऱ्या देशात काय केलं ते तुमच्या उपयोगाचं नाही. आधी आपल्या देशाचा आयात परवाना आणि अटी हातात घ्या, त्या विक्रेत्याच्या पशुवैद्याला पाठवा, आणि ‘या बॅचचं वीर्य या अटींत बसतं’ असं त्यांच्याकडून लेखी घ्या. त्यानंतर पैसे.

आता घोडीचं. 17 वर्षांची आणि पहिलटकरीण, हा गोठवलेल्या वीर्यासाठी सगळ्यात अवघड मेळ आहे. अशा घोडीच्या गर्भाशयाचं तोंड माजातही नीट सैल होत नाही, आणि रेतनानंतर आत साठलेलं पाणी बाहेर पडत नाही. वीर्य आत गेलं की गर्भाशयाला थोडी सूज येतेच, ती शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. तरुण घोडी एक-दोन दिवसांत ती निस्तरते, वय झालेलीला ते जमत नाही. म्हणून मागणी नोंदवण्याआधी सोनोग्राफी, गर्भाशयाचं कल्चर, पेशींची तपासणी आणि शक्य असेल तर बायोप्सी करून घ्या. बायोप्सीचा अहवाल तिसऱ्या श्रेणीचा आला, तर शिंगरू जिवंत जन्मण्याची शक्यता 10 टक्क्यांच्याही खाली धरतात. तसं निघालं तर तिच्यावर दुर्मिळ मात्रा खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिचा वंश हवाच असेल तर गर्भ काढून तरुण घोडीत ठेवता येतो, किंवा प्रयोगशाळेत एका बीजांडात एकच शुक्राणू टोचून गर्भ तयार करता येतो. त्या पद्धतीला वीर्य फारच थोडं लागतं, पण विक्रेत्याच्या करारात त्याची परवानगी असते का ते बघा, पुष्कळदा वेगळी घ्यावी लागते.

प्रश्न: मात्रा म्हणजे नक्की किती कांड्या? एकजण 8 सांगतो, दुसरा 4.

उत्तर: दोघंही बरोबर असू शकतात. 0.5 मिलीच्या कांडीत किती शुक्राणू भरलेत आणि वितळल्यावर त्यांतले किती सरळ पुढे पोहतात, यावर ते ठरतं. वॉर्मब्लड, म्हणजे उड्यांसारख्या खेळांसाठी पैदास केलेल्या घोड्यांच्या जागतिक संघटनेचं प्रमाण असं आहे: वितळल्यावर एका मात्रेत पुढे जाणारे शुक्राणू किमान 25 कोटी, आणि त्यांचं प्रमाण किमान 35 टक्के. तेव्हा कांड्या मोजत बसू नका, बॅचचा वितळवल्यानंतरचा अहवाल मागा. करारही नीट वाचा. कुणी मात्रेवर पैसे घेतं, कुणी घोडी गाभण राहिल्यावर, कुणी शिंगरू उभं राहून दूध प्यायल्यावर. उरलेल्या कांड्या तुमच्या की घोड्याच्या मालकाच्या, हेही आधीच ठरवून घ्या, भांडणं तिथेच होतात.

प्रश्न: आमचा कंटेनर विमानतळावर काही दिवस अडकला. उघडला तर आत द्रव नायट्रोजन दिसलाच नाही. सगळं वाया गेलं का?

उत्तर: नाही, घाबरू नका. प्रवासाचा कंटेनर, ज्याला ड्राय शिपर म्हणतात, त्याच्या भिंतीतल्या सच्छिद्र भरणात नायट्रोजन मुरलेला असतो. आत हलणारं, सांडणारं काही नसतं, म्हणूनच विमानात तो नेता येतो. द्रव न दिसणं हे त्याचं नेहमीचंच रूप आहे. खरी परीक्षा वजनाची. निघताना भरलेल्या कंटेनरचं वजन किती होतं आणि रिकाम्याचं किती, हे पाठवणाऱ्याकडून घ्या आणि तो आल्याबरोबर काट्यावर ठेवा. रिकाम्या वजनाच्या जवळ आला असेल तर काळजीचं कारण आहे. सोबत तापमान नोंदवणारं यंत्र असेल तर त्याचा आलेख बघा. कंटेनर वाटेत आडवा झाला असेल तर नायट्रोजन झपाट्याने उडतो.

नंतर कांड्या मोठ्या टाकीत हलवताना कांड्यांची डबी टाकीच्या मानेच्या वर काढायची नाही. मी चिमटा, टाकी, नोंदवही सगळं हाताशी मांडून, कोण काय करणार ते बोलून घेते आणि मगच झाकण उघडते. इतकी बारीक कांडी उघड्या हवेत काही सेकंदांत तापते, पुन्हा बुडवली की बाहेरून पहिल्यासारखीच दिसते, आतले शुक्राणू मात्र गेलेले असतात. शंका असेल तर एक कांडी बळी द्या: 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद ठेवा (पाठवणाऱ्याने वेगळी कृती दिली असेल तर तीच पाळा), बाहेरून पूर्ण कोरडी पुसा, कारण पाण्याचा थेंब मिसळला तरी शुक्राणू मरतात, टोक कापा आणि कोमट काचेवर सूक्ष्मदर्शकाखाली बघा.

प्रश्न: रेतन नेमकं कधी करायचं? ताज्या वीर्याने आमची घोडी सहज राहते.

उत्तर: ताजं वीर्य घोडीच्या पोटात दोन-तीन दिवस टिकतं, म्हणून तिथे थोडं पुढेमागे चालून जातं. वितळलेल्या वीर्याला जेमतेम अर्धा दिवस मिळतो. बीजांड सुटण्याआधी 12 तास ते सुटल्यानंतर 6 तास, एवढीच वेळ धरा. घोडी माजावर असून बीजांडाभोवतीचा पाण्याचा फोड (फॉलिकल) 35 मिमीच्या पुढे गेला आणि गर्भाशयाची माजातली स्वाभाविक सूज सोनोग्राफीत स्पष्ट दिसली की बीजांड सुटायला लावणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाचं इंजेक्शन देतात, त्यानंतर साधारण 36 तासांनी बीजांड सुटतं. मात्रा एकच असेल तर शेवटच्या टप्प्यात दर 6 तासांनी, रात्रीसुद्धा, सोनोग्राफी करावी लागते. कांड्या दोन भागांत विभागता येत असतील तर इंजेक्शननंतर 24 आणि 40 तासांनी रेतन करूनही चालतं. तुमचे पशुवैद्य मध्यरात्री येणार का, हे वीर्य मागवण्याआधी विचारा. रेतनानंतर 4 ते 8 तासांत पाणी साठलंय का ते बघायचं, आणि 14 ते 16 दिवसांनी गर्भ आणि जुळं तपासायचं. जुळं निघालं तर त्याच वेळी एक गर्भ कमी करून घ्यायचा, पुढे ते कठीण होत जातं.

प्रश्न: थरोब्रेड घोडीला परदेशी थरोब्रेडचं गोठवलेलं वीर्य वापरलं तर शिंगराची शर्यतीसाठी नोंदणी होईल का?

उत्तर: होणार नाही. थरोब्रेडच्या वंशनोंदवहीत कृत्रिम रेतनाचं शिंगरू कुठल्याच देशात घेत नाहीत, भरणी नैसर्गिकच लागते. शर्यतीसाठी हवं असेल तर घोडीलाच घोड्याकडे न्यावं लागेल. उड्या किंवा रपेटीसाठी हवं असेल, तर थरोब्रेड घोडी स्वीकारणाऱ्या वॉर्मब्लड नोंदवह्या आहेत. त्यांची मान्यता घोडा निवडण्याआधी मिळवा, आणि वीर्यासोबत घोड्याच्या डीएनए अहवालाची प्रत व रेतन प्रमाणपत्र मागून घ्या.