‘छान’ म्हणण्याआधी

चि. गुरुजी,

(तुला ‘गुरुजी’ म्हणताना अजून हसू येतं. चौथीत पाटी फोडून रडणारा तू डोळ्यांसमोर येतोस. पण सवय करून घेते.)

तुझा भला मोठा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. शाळा चांगली, मुलं गोड, पण स्टाफरूममध्ये कायम सुतक असल्यासारखं वातावरण. म्हणून तू ठरवलंस, रोज प्रत्येकाला काहीतरी चांगलं बोलायचं. ‘मस्त हो सर’, ‘भारी झालं मॅडम’ असं पंधरा दिवस चाललं आणि परवा त्यातल्याच एका सरांनी तुला विचारलं, “काय रे, माझ्याकडं काही काम आहे का?”

मला त्या सरांचं काही चुकलं असं वाटत नाही. आपल्याकडं अचानक गोड बोलायला लागलेला माणूस हमखास काहीतरी मागायला आलेला असतो. नोकरीत मुरलेल्या माणसाला तो वास लांबून येतो. तुझा बेत मात्र चांगला आहे, सोडू नकोस. फक्त बोलण्याआधीचं काम तू गाळलंस. आधी बघायचं असतं.

वह्या तपासतोस ना? लाल शाईत ‘छान’ लिहिलं की पोरगं पान बघतं आणि लगेच शेजारच्याच्या वहीत डोकावतं. त्यालाही ‘छान’. संपलं. त्याऐवजी एखाद्याच्या वहीत लिहून बघ, ‘आज तुझा ळ ओळीवर नीट बसला.’ ते पोर ती वही आईला, आजीला, किराणा दुकानदाराला दाखवत फिरेल. कारण गुरुजींनी आपलाच ळ बघितला, वर्गातला सगळा ळ नव्हे, हे त्याला बरोबर कळतं.

मोठ्यांचंही तसंच. जावळीतल्या माझ्या एका शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या एक मावशी होत्या. येणारा-जाणारा पाहुणा ‘खिचडी झकास’ म्हणायचा, त्याही मान हलवून कामाला लागायच्या. एकदा वाढप चालू असताना मी भिंतीला टेकून उभी होते. चौथीच्या पोरांच्या ताटात त्या डाव भरून सरळ ढीग घालत. पहिलीच्या रांगेपाशी आल्या की तोच भात डावाच्या पाठीनं ताटभर पसरवत. पसरलेला भात लवकर निवतो, बारक्यांचं तोंड पोळत नाही. हे कुठल्या परिपत्रकात नव्हतं, कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं. भांडी आवरून झाल्यावर मी एवढंच म्हटलं, “मावशी, पहिलीच्या पोरांना भात पसरवून वाढता, ते बघितलं मी.” पदराला हात पुसता पुसता त्या थांबल्या. “तुमी बगत हुता व्हय?” म्हणाल्या. आणि मग बराच वेळ बोलत बसल्या. कोण घरून उपाशी येतं, कोण मटकी बाजूला सारतं, कोण शेंगदाणे वेचून धाकट्या भावासाठी खिशात घालतं. यातलं एक अक्षर माझ्या कुठल्या रजिस्टरात नव्हतं.

तेव्हा रोज सगळ्यांना बोलायचं हा हट्ट सोड. रोज एका माणसाकडं नीट बघ. काही दिसलं तर त्याच दिवशी सांग, नाही दिसलं तर गप्प बस. उद्या पुन्हा बघ. आणि सांगताना शेवटी ‘पण’ लावू नकोस. ‘पाठ उत्तम झाला मॅडम, पण फळ्यावरचं अक्षर जरा...’ यात मॅडमना फक्त फळा ऐकू जातो. फळ्याचं बोलायचं असेल तर वेगळ्या दिवशी बोल.

आता तुमच्या मुख्याध्यापकांचं म्हणणं, की तोंडावर कौतुक केलं की माणूस शेफारतो. हे मी जन्मभर ऐकलंय. घरी आजी म्हणायची दृष्ट लागते, शाळेत वरिष्ठ म्हणायचे डोक्यावर बसतो. आणि वाद वाढला की कुणीतरी आचरेकर सरांचं नाव काढणारच: सरांनी सचिनला कधी शाबासकी दिली का? नाही ना? म्हणून तर तो घडला!

दिली नाही, हे खरं आहे. 16 नोव्हेंबर 2013 ला वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिननंच सांगितलं, की 29 वर्षांत सर एकदाही ‘वेल प्लेड’ म्हणाले नाहीत. आपण सुस्तावू, मेहनत सोडू, ही त्यांची काळजी. आता आपण खेळणारच नाही, तेव्हा सरांनी म्हणायला हरकत नाही, असंही तो हसत हसत म्हणाला. चाळिशीचा माणूस, नावावर शंभर आंतरराष्ट्रीय शतकं, अख्खं स्टेडियम त्याच्या नावानं ओरडतंय, आणि तो आठवण काढतोय न मिळालेल्या दोन शब्दांची. गोष्टीचा हा भाग सांगायचा लोक विसरतात.

त्याच भाषणात सरांची स्कूटर आहे, तीही विसरतात. मुलाला सामन्यांचा सराव मिळावा म्हणून सर त्याला मागं बसवून शिवाजी पार्कवरून आझाद मैदानावर न्यायचे, मुंबईभर फिरवायचे. आणि सचिननं इतर वेळी सांगितलेला तो रुपया. पोरगं सराव करून दमलं, की सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो बाद करील त्या गोलंदाजाला नाणं, शेवटपर्यंत नाबाद राहिला तर सचिनला. तशी तेरा नाणी त्यानं कमावली आणि जपून ठेवली. आता मला सांग, जो माणूस तुझ्यासाठी शहरभर स्कूटर पळवतो, तू दमलास हे ओळखून नेमका तेव्हाच डाव मांडतो, त्यानं तोंडानं काही बोलायचं राहिलंय का? आपल्या लोकांनी सरांचं फक्त गप्प बसणं उचललं. पेट्रोल घालायला कुणी तयार नाही, रुपयाही खिशातून निघत नाही.

मुख्याध्यापकांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, तेही सांगून टाकते. कौतुक कशाचं करतोस याला फार महत्त्व आहे. 1998 मध्ये अमेरिकेतल्या क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या दोघी मानसशास्त्रज्ञांनी पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवून झाल्यावर काहींना म्हटलं ‘हुशार आहेस’, काहींना म्हटलं ‘मेहनत चांगली घेतलीस’. पुढच्या वेळी हुशार म्हटलेली मुलं सोपं काम मागू लागली. अवघड कोडी सुटेनात तेव्हा लवकर हिरमुसली, आणि आपले गुण फुगवून सांगणारी पोरंही त्यांच्यातच जास्त निघाली. मला यात नवल वाटलं नाही. ‘आमचा हुशार आहे’ असं घरोघर सांगून ठेवलेलं मूल फळ्यापाशी यायला किती घाबरतं, हे तूही आता वर्गात बघशील.

निवृत्तीला टेकलेल्या त्या दुसऱ्या सरांचं तू सांगितलंस. यू-डायसवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन नोंदणीत, शाळेची माहिती भरायची म्हटली की त्यांना घाम फुटतो, आणि तू त्यांना म्हणालास, “जमेल सर, सोपं आहे.” असं पुन्हा म्हणू नकोस. ज्याला येत नाही त्याला ‘सोपं आहे’ म्हटलं की तो अजून खचतो. खुर्ची ओढून शेजारी बस. ओटीपी त्यांच्या मोबाईलवर येतोय की मुंबईतल्या मुलाच्या, ते आधी बघ. निम्मा घोळ तिथंच असतो. अडलेल्या माणसाला शब्दांनी धीर द्यायला जाणं म्हणजे बहुतेक वेळा आपला वेळ वाचवणं असतं. काम झालं की मग दुसऱ्या दिवशी त्यांना विचार, “सर, अपूर्णांक तुम्ही कसा घेता? मी मागं बसून बघू का?” तीस-बत्तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नसण्याची शक्यता फार मोठी आहे. विचारलंस तर खरंच बस आणि वहीत टिपून घे. नुसतं बरं वाटावं म्हणून विचारशील तर ते लगेच ओळखतील.

पालकांचंही लक्षात ठेव. शाळेतून फोन आला की आईच्या पोटात गोळा येतो, कारण आपण फोन करतो तो तक्रारीसाठी किंवा आधार कार्डासाठी. आठवड्यात एखादा फोन असा लाव की ज्यात काहीच काम नाही. “तुमच्या पोरीनं आज नवीन आलेल्या मुलीला स्वतःहून शेजारी बसवून घेतलं,” एवढं बोल आणि ठेवून दे. पलीकडची बाई दोनदा विचारेल, “आणि काय झालं गुरुजी?” ‘आणि काही नाही’ म्हण. गृहभेटीला जातोस तेव्हाही एक वाक्य असं बरोबर घेऊन जा.

सवय लागण्याचं म्हणशील तर पाठाचं टाचण रोज लिहावंच लागतं, त्याच्याच कोपऱ्यात पेन्सिलीनं एक नाव लिहीत जा. कुणाकडं बघितलं, काय दिसलं. महिन्यानं पानं चाळलीस की कळेल, काही नावं पुन्हा पुन्हा येतायत आणि काही एकदाही नाहीत. न आलेल्यांत बहुधा मधल्या रांगेतली गप्प पोरं असतील. आणि अंगणवाडीच्या ताई, ज्या तुमच्या आवारात रोज असूनही तुमच्या स्टाफच्या फोटोत नसतात.

शेवटचं तुमच्या केंद्रप्रमुखांबद्दल, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या साहेबांबद्दल. पावसात गाडी खाली लावून ते चिखलातनं चालत वर आले, पोरांबरोबर जेवले, हे तुला आवडलं; सांगू का, असं विचारलंस. जरूर सांग, पण दिवस बघून. मार्च-एप्रिलमध्ये वरिष्ठांबद्दल चांगला शब्द तोंडातून काढायचा नाही, ते दिवस गोपनीय अहवालाचे, वरिष्ठ आपल्या कामावर शेरे लिहितात त्याचे. बदल्यांचं वारं सुटलेलं असेल तेव्हाही नाही. खरं बोललास तरी मस्काच ठरेल. शाळा सुरू झाल्यावर जुलै-ऑगस्टात, केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, म्हणजे शिक्षण परिषद, संपून ते चहाला उभे असताना, एकट्याला गाठून सांग.

दिवाळीच्या सुट्टीत इकडं येशीलच. आदल्या दिवशी कळवलंस तर पुरणपोळी, न कळवता आलास तर पिठलं-भाकरी.

तुझ्या,
बाई