पातळ लॅपटॉप घेताय? आधी रॅमचं बघा

लॅपटॉप घेताना बरेच जण प्रोसेसरवरच अडून बसतात, पण सव्वा किलोच्या लॅपटॉपमध्ये पहिला प्रश्न रॅमचा, म्हणजे चालू काम तात्पुरतं धरून ठेवणाऱ्या मेमरीचा. एवढ्या पातळ मशीनमध्ये ती बहुतेक वेळा मदरबोर्डवरच (मुख्य सर्किट बोर्डवर) सोल्डर करून कायमची जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. इंटेलच्या लूनर लेक चिपमध्ये तर रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये, म्हणजे त्याच्यासोबत एकाच तुकड्यात असते. १६ जीबी किंवा ३२, बस्स. मी पैसे वाचवायला ८ जीबीचा घेतला होता. तीन वर्षांत ब्राउझर आणि एक्सेल एकत्र उघडलं की अडखळायला लागला. प्रोसेसर ठणठणीत होता, तरी अख्खा लॅपटॉप बदलावा लागला. त्याची हळहळ अजून आहे. म्हणून सांगतो, १६ च्या खाली जाऊच नका.

एसएसडीचं, म्हणजे फाइल साठवायच्या ड्राइव्हचं तेवढं टेन्शन नको. बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये ती एम.२ नावाच्या खाचेत एका स्क्रूवर बसते, पुढे मोठी टाकता येते. मॅकबुक एअरमध्ये मात्र तीही बदलता येत नाही.

आता प्रोसेसर. नुसतं नाव बघून फसू नका. तीच चिप एका लॅपटॉपमध्ये १५ वॅटवर चालते, दुसऱ्यात २८ वर, आणि फरक चांगलाच जाणवतो. पातळ बॉडीत उष्णता साठली की चिप आपला वेग उतरवते. ॲपलच्या एम१ चिपपासूनच्या मॅकबुक एअरला पंखाच नाही: लिखाण, कोडिंग मस्त चालतं, पण तासभर व्हिडिओ एक्स्पोर्ट करायचा असेल तर पंखेवालाच घ्या.

पैसे भरण्याआधी त्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल उघडा. डेल, एचपी, लेनोवो त्या आपल्या साइटवर ठेवतात. काय बदलता येतं ते तिथे चित्रासकट दिसतं.