अर्ज बनवण्याआधी जतला जाऊन ये

दाखल्याचा नवा ऑनलाइन अर्ज बनवायचं काम तुझ्याकडे आलंय, तर संगणक उघडण्याआधी दहावी-बारावीच्या निकालानंतरच्या गर्दीत सांगली जिल्ह्यातल्या जतच्या तहसील कचेरीबाहेर जाऊन बस. "काय हवंय?" असं विचारू नकोस, लोक भिडेखातर "सगळं बरं आहे" म्हणतात. मागच्या वेळी काय काय झालं, अर्ज कुणाकडून भरून घेतला, परत का पाठवलं, ते विचार. पूर्व भागात बऱ्याच घरांत कन्नड बोलतात, तेव्हा कानडी येणारं माणूस सोबत ने.

मग खरी अडचण दिसते. ओटीपी पुण्यात कामाला असलेल्या मुलाच्या मोबाईलवर जातो. ऊसतोडीनं झिजलेलं बोट यंत्रावर उमटत नाही. सगळ्यात जास्त वेळ इथं घाल, कारण माणूस इथूनच रिकाम्या हातानं परततो. रंग आणि बोधचिन्ह नंतर बघू.

प्रत्येक कागदापुढे विचार, हा आपल्याच दप्तरात आहे का? सातबारा, आठ-अ हे जमिनीचे उतारे सरकारी नोंदीच आहेत. त्यांची प्रत शेतकऱ्याकडं पुन्हा मागणं मला अन्याय वाटतो.

पहिला मसुदा साध्या कागदावर काढून चार-पाच जणांकडून भरून घे. मध्ये बोलू नकोस. पेन अडलं की ते वाक्य बदल.

आणि पोचपावती. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित, म्हणजे त्या कायद्याखाली जाहीर केलेल्या, सेवेला मुदत असते. ती टळली किंवा अर्ज फेटाळला तर अपील करता येतं. मुदतीची तारीख आणि अपील कुणाकडं करायचं, हे पावतीवर मोठ्या अक्षरात छाप.